पुढचं पान

बोरीवली पूर्व
रविवार, २३ जून २०२४

हा कागद जो कोणी चंद्रप्रकाश घाडी यांना वाचून दाखवत असेल त्याला माझा नमस्कार. एक विनंती आहे. फक्त हा पहिला परिच्छेद वाचा. मग त्यांच्या फोनमध्ये कागद वाचून दाखवणारं अ‍ॅप घालून द्या. कसं करायचं ते सोबतच्या चिठ्ठीत आहे, दोन मिनिटांचं काम आहे. कागदावर कॅमेरा धरला की फोन स्वतः वाचतो. फोनला माझं अक्षर लागणार नाही म्हणून मी सगळं मोठ्या टाईपात छापून घेतलंय. पुढचं तुम्ही वाचू नका. ते बहिणीने भावाला लिहिलंय.

चंदू,

आता एकटा असशील अशी आशा. हा जो बाईचा आवाज येतोय तो फोनचा, माझा नाही. या बाईला 'च' आणि 'ज' आपल्यासारखे म्हणता येत नाहीत. तिच्या तोंडून 'चमचा' ऐकशील तर हसशील. पण ती अडखळत नाही आणि कंटाळत नाही. तेवढं चालवून घे.

मी ताई. मालन.

दशरथने पत्ता दिला. धाकट्या मामाचा दशरथ. एप्रिलमध्ये गावी जाताना कणकवलीच्या अलीकडे त्याची गाडी बंद पडली, लोकांनी ढकलत तुझ्या गॅरेजला आणली. तू बॉनेट उघडलंस, त्याला चावी मारायला लावलीस आणि आत न बघता डोळे मिटून नुसता ऐकत उभा राहिलास. दशरथ म्हणतो, "मालनताई, तिथेच ओळखलं. लहानपणी रेडिओपुढे हा असाच उभा राहायचा." तू त्याला ओळख दिली नाहीस. पण बोर्डावर नाव आहे, नंबर आहे.

त्या नंबरवर मी तीन वेळा फोन केला. तू 'हॅलो' म्हणालास. बत्तीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला रे. जाड झालाय, बाबांसारखा. मी "चंदू, ताई बोलतेय" म्हटलं की तू ठेवून द्यायचास. चौथ्यांदा केला नाही. फोन कापला की संपलं. कागद कसा, आज फेकून दिला तरी उद्या उचलता येतो. म्हणून लिहितेय.

आधी घरचं सांगते. आई २०१५ साली गेली. बाबा २०१९ला. तू गेल्यावर दोन वर्षांनी शेजारच्या नाईकांकडे तुझा फोन आला होता, "आईला सांगा मी बरा आहे" एवढाच. त्यानंतर आईने एक नेम धरला. सकाळी आपल्या गावाकडची, सावंतवाडीची गाडी यायच्या वेळेला नॅन्सी कॉलनीच्या एसटी डेपोत जाऊन उभी राहायची. भाजी आणायला जाते म्हणायची आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायची. बाबांना माहीत होतं. एकदा आईला ताप होता, तर बाबाच पिशवी घेऊन निघाले. एवढं तुला माहीत असावं असं मला वाटतं.

मी शिक्षिका झाले. मालाडच्या एका शाळेत मराठी शिकवते, अठ्ठावीस वर्षं झाली. नवरा आहे, मुलगा पुण्याला नोकरी करतो. सगळं ठीक आहे.

आता लिहायचं कारण. गेल्या मंगळवारी आठवीच्या वर्गात एका मुलीला धडा वाचायला उठवलं. कल्पिता नाव तिचं, मार्वेच्या कोळीवाड्यातून येते. तिने घडाघडा वाचलं. एक शब्द चुकला नाही. मी बाकांमधून चालत होते. तिच्यापाशी पोचले तेव्हा ती धड्याच्या शेवटच्या ओळीवर आली होती, आणि तिचं बोट अजून वरच्या चित्रावर होतं.

ती वाचत नव्हती. कुणाकडून तरी ऐकून पाठ केलेलं म्हणत होती.

चंदू, हे असं करणारा मी आयुष्यात एकच माणूस बघितला होता. तिसरीपासून आठवीपर्यंत रोज संध्याकाळी माझ्या मांडीला मांडी लावून बसायचास, मी एकदा वाचायचे आणि तुझं पाठ व्हायचं. मला दोनदा वाचावं लागत नसे. सहा वर्षं तू अख्ख्या शाळेला फसवलंस. बाबांना त्या दिवशी कसं कळलं, देव जाणे.

मी तिला फक्त "बस" म्हटलं.

उत्तर पाठवच असं नाही. पण हे ऐकलंस एवढं कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

ताई


बोरीवली पूर्व
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

चंदू,

पत्र रजिस्टर केलं होतं, त्याची पोचपावती आली. सही 'जानकी घाडी'. बायको का रे तुझी? मी ते नाव दहा वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. घरात नवरा म्हणाला, "कोण जानकी?" मी म्हटलं, "माझी भावजय असावी." असावी! आपल्या भावजयीबद्दल असं बोलायची वेळ कुणावर येऊ नये.

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी कल्पिताचं सांगते.

आमच्या शाळेत मनाली म्हणून एक विशेष शिक्षिका येते, आठवड्यातून दोन दिवस. तिशीची असेल, पाठीवर सॅक, पायात बूट, भराभर बोलते. स्टाफरूममध्ये आम्ही जुन्या बाया तिला जरा हसायचो, खरं सांगते. तिच्याकडे कल्पिताला घेऊन गेले. मनालीने तिच्याशी तासभर गप्पा मारल्या, काही वाचायला दिलं, काही ऐकवलं, आणि मला म्हणाली, "मॅडम, मुलगी एकदम हुशार आहे. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे टिकत नाहीत. डोळ्यांचा दोष नाही, मेंदू ती वेगळ्या पद्धतीने घेतो. ह्याला डिस्लेक्सिया म्हणतात."

मी विचारलं, "आळस नाही?"

ती म्हणाली, "आळस? मॅडम, आठवीपर्यंत सगळी पुस्तकं ऐकून पाठ करायची, ह्याच्याइतके कष्ट तुमच्या वर्गात कोण करतं सांगा."

त्या दिवशी मी घरी आले आणि जेवले नाही. चंदू, अठ्ठावीस वर्षांत माझ्या हाताखालून अशी किती मुलं गेली असतील? त्यांच्या प्रगतिपुस्तकावर मी काय लिहायचे ते मला तोंडपाठ आहे. 'अभ्यासात लक्ष नाही.' 'हस्ताक्षर सुधारावे.' 'पालकांनी भेटावे.' ज्या घरात तू वाढलास त्याच घरातून मी शाळेत शिकवायला गेले, तरी माझ्या लक्षात आलं नाही. का आलं नाही, ते मला माहीत आहे. पण ते आज नको.

कल्पिताची आई पुतळाबाई मालाडच्या बाजारात मासे विकते. तिला सांगायला मी बाजारात गेले. पापलेट कापता कापता ती ऐकत होती. मी डॉक्टर, तपासणी, दाखला असं सगळं बोलले. तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, माझी पोर येडी नाय ना?" मी म्हटलं, "नाही हो. उलट." तर म्हणाली, "मना ठावं होतं. पन सगली बोलतात म्हनून मी पन बोलायला लागलू." आणि मग पदर डोळ्याला लावला. मासळीचा हात डोळ्याला लागला म्हणून चुरचुरलं, असं म्हणाली.

इस्पितळात तीन खेपा झाल्या. दाखला मिळाला. आता ती परीक्षेला जास्त वेळ घेऊ शकते, पेपर ऐकू शकते. मनालीने कुठूनसा एक टॅब मिळवला. पुस्तकाचं पान त्यावर येतं, हेडफोनमधून ऐकू येतं, आणि जो शब्द चाललाय तो पिवळा होतो. कल्पिताने पहिल्यांदा कानाला लावलं तेव्हा मी समोर होते. तिने अर्धं पान ऐकलं, थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. मी म्हटलं, "काय झालं गं, कळलं नाही?" ती म्हणाली, "कळलं. पन बाई, ह्याला पुन्ना सांग बोलायला लाज नाय वाटत."

अडचणी होत्याच. उत्तर बोललं की टॅब ते लिहितो, पण कल्पिता कोळीवाड्यातलं बोलली की तो भलतंच लिहितो. 'बोंबील वालत घातलेत' म्हणाली तर काय उमटलं ते इथे सांगत नाही. वर्गात दोन दिवस हसणं चाललं होतं, ती पण हसत होती. आणि यंत्राच्या आवाजात कविता म्हणजे अगदीच रेल्वेची घोषणा. म्हणून कविता आणि धडे मी माझ्या आवाजात भरून द्यायला लागले. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसते, टॅब समोर ठेवते आणि वाचते.

पहिल्या दिवशी वाचायला सुरुवात केली आणि दोन ओळींनंतर थांबले. किती वर्षांनी कुणा एकासाठी मोठ्याने वाचत होते. शेजारी बघितलं. बाक रिकामा होता.

ताई


बोरीवली पूर्व
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

चंदू,

हे पत्र लांब आहे. बसून ऐक.

सहामाही परीक्षा झाली. कल्पिताने सगळे पेपर वेगळ्या खोलीत दिले, टॅबने प्रश्न वाचले, तिने बोलून उत्तरं दिली. मराठीत एकसष्ट, इतिहासात अठ्ठावन्न. गेल्या वर्षी दोन्हीत काठावर ढकललेली मुलगी. झालं, कुजबुज सुरू झाली. टॅबमध्ये सगळी उत्तरं असतात. मशीन तिला सांगतं. दोन पालक मुख्याध्यापकांकडे जाऊन बसले, आमच्या मुलांना पण द्या मग मशीन. आणि मुख्याध्यापकांनी टॅब कपाटात टाकून कुलूप लावलं. म्हणाले, "सगळ्यांसारखी लिहील तर लिहील. दाखले मिळवायला आजकाल काय लागतं?"

कल्पिताने आईला सांगून टाकलं की दिवाळीनंतर शाळेत जाणार नाही. बाजारात बसेन.

पुतळाबाई बारा वाजता टोपली शेजारणीकडे देऊन शाळेत आली. मी होते, मनाली होती. मुख्याध्यापकांनी कल्पिताला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नाही तो. त्यांना खरंच वाटत होतं की आपण फसवले जातोय. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, मधूनच उघडलं आणि तिच्या हातात दिलं.

"वाच."

कल्पिताने पुस्तक धरलं. पानाकडे बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

चंदू, ते बघणं मला माहीत आहे. तुलाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की बाबांना त्या दिवशी कसं कळलं, देव जाणे. ते खोटं आहे. देवाचा काही संबंध नाही. मी सांगितलं.

१९९१चा जून होता. माझा दहावीचा निकाल लागला होता, एकाहत्तर टक्के. बाबा आईला म्हणाले, "पोरगी दहावी झाली, खूप झालं. दोघांचं झेपायचं नाही. चंदूला कॉलेज करायचं." मी चुलीपाशी... कसली चूल, स्टोव्हपाशी उभी होते. तुला ज्याचं अक्षरही लागत नाही ते तुला मिळणार, आणि मला ज्याच्याशिवाय काही नको होतं ते जाणार. तू काही मागितलं नव्हतंस. तरी मला तुझा राग आला. मी तुझी ताई, मला तुझा राग आला.

रविवारी बाबांनी तुला समोर बसवलं. नववीचं पुस्तक आणलं होतं. "वाच." पहिला धडा मी तुला आदल्या दिवशीच वाचून दाखवला होता. तू उभा राहिलास आणि म्हणायला लागलास. काय म्हटलंस तू चंदू! मी स्वतः वाचताना घेतलेले श्वाससुद्धा तू तिथेच घेतलेस. बाबा हसले. गिरणी बंद पडल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. ते आईला म्हणाले, "बघितलंस?"

आणि मी म्हटलं, "बाबा, त्याला पुढचं पान उघडायला सांगा."

पुढचं पान मी तुला वाचून दाखवलंच नव्हतं.

तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीकडे बघितलं. पुढचं तुला सांगायला नको. बाबांनी पट्टा काढला. मारण्यापेक्षा "लबाड, लबाड" हे जास्त वेळा म्हणाले. तू ओरडला नाहीस.

जुलैत मी कॉलेजात गेले. तू दहिसरच्या गॅरेजमध्ये. पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर एका सकाळी तुझी वळकटी दिसली आणि तू नव्हतास.

मी जी कोण झाले ती त्या एका वाक्यावर झाले. शिक्षिका आहे म्हणून लोक नमस्कार करतात. दर वेळी वाटतं, हे त्याचं. म्हणूनच बहुधा अठ्ठावीस वर्षं मला तुझ्यासारखं मूल वर्गात दिसलं नाही. दिसलं असतं तर मला माझंही तोंड बघावं लागलं असतं.

तर कल्पिता माझ्याकडे बघत होती. मी या वेळी भिंतीकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "सर, तिला ते वाचता येणार नाही. उभ्या जन्मात असं पटकन येणारही नाही. पण तुम्ही तेच पान तिला वाचून दाखवा, एकदाच. मग हवं ते विचारा. टॅब कपाटातच राहू द्या."

सरांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आदल्या दिवशी खात्याकडून आलेलं परिपत्रक उचललं. पानभर सरकारी मराठी. मलाही दोनदा वाचल्याशिवाय कळलं नसतं. त्यांनी वाचलं. विचारलं, "काय आहे ह्यात?"

कल्पिताने कोणत्या वर्गांनी काय करायचं, कुणी कुणाला कळवायचं, सगळं सांगितलं. तिच्या भाषेत, पण सगळं. मग थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, तुमी वर शुक्रवार बोललाव आणि खाली शनिवार. कंचा बरोबर?"

सरांनी कागद बघितला. खरंच, वर एक वार होता आणि खाली दुसरा. खात्याचीच चूक. ते एकटेच हसायला लागले. मनाली हसली. पुतळाबाई तेवढी हसली नाही, म्हणाली, "मंग चावी द्या कपाटाची."

चावी मिळाली. कल्पिता शाळेत आहे.

शाळेतून निघाले ती चालतच राहिले. माझं वाक्य एवढंच होतं, "तुम्ही वाचून दाखवा, मग विचारा." बाबांपुढे ते म्हटलं असतं तर? सोळा वर्षांची होते, सुचलं नाही, असं म्हणून बघते. पण सुचलं नाही असं नाही. मला ते म्हणायचं नव्हतं.

माफ कर असं लिहून तुला अडचणीत टाकणार नाही. तुला खरं कळावं एवढंच.

ताई


बोरीवली पूर्व
रविवार, १५ डिसेंबर २०२४

चंदू,

पोचपावती आली. जानकीचीच सही. या वेळी नावाखाली एक रेघ ओढली आहे. ती रेघ कसली ते कळेना म्हणून मी बराच वेळ बघत बसले. उगाच.

तू ऐकलंस की नाही माहीत नाही. ऐकून फेकून दिलं असशील तरी चालेल. पण न ऐकता ठेवलं असशील तर एकदा ऐक.

इथे थंडी पडलीय थोडी. खिडकीतून नॅशनल पार्कची झाडं दिसतात. सकाळी शाळेला निघण्याआधी मी कपभर चहा घेऊन तिथे उभी राहते. तू आता काय करत असशील, शटर उघडत असशील का, तुझ्या घरात चहात आलं घालतात का, केस पिकलेत का, असलं काहीबाही मनात येतं. तू पंधराचा असतानाचाच चेहरा मला येतो. सत्तेचाळीस वर्षांचा चेहरा बनवायला जाते तर बाबांचा होतो आणि मी थांबते.

एवढंच. काही काम नव्हतं.

ताई


कणकवली
शनिवार, १८ जानेवारी २०२५

ताई,

मी बोलतोय आणि फोन लिहितोय. चुका जानकी काढणार आणि झेरॉक्सवाल्याकडे छापून घेणार. मालवणीत बोललो तर फोन भलतंच लिहितो, म्हणून शाळेत बोलायचो तसं बोलतोय. जड जातंय.

चारही पत्रं ऐकली. पहिलं आलं तेव्हा जानकीने चार ओळी वाचल्या, फोनमध्ये ते घालून दिलं आणि बाहेर निघून गेली. मी गिऱ्हाईकाच्या गाडीत काचा वर करून बसलो आणि ऐकलं. आईचं ऐकलं. पिशवीचं ऐकलं. मग तू 'देव जाणे' म्हणालीस आणि मी पत्र खाली टाकलं. मी तिथेच उभा होतो ना ताई. तुझ्या तोंडातून निघालेलं माझ्या कानांनी ऐकलं होतं. माझे कान कसे आहेत ते तुलाच माहीत. खोटंच लिहायचं तर एवढ्या लांब कशाला पाठवायचं? जानकीने पत्र उचलून डब्यात ठेवलं.

दुसरं ऐकलं. तिसरं दोन महिने ऐकलं नाही. तुझं चौथं छोटं पत्र आलं तेव्हा ऐकलं. ती रेघ जानकीचं पेन चालत नव्हतं म्हणून.

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. पण एक तुला अजून माहीत नाही. पट्ट्याचं मला काही नाही. सगळीच पोरं मार खायची. त्यानंतर वर्षभर मी घरात होतो. संध्याकाळी गॅरेजमधून यायचो, तू तुझी कॉलेजची पुस्तकं घेऊन बसलेली असायचीस, तोंडातल्या तोंडात वाचायचीस. मला ऐकू येऊ नये म्हणून. शाळा गेली म्हणून माझं ऐकणं गेलं नव्हतं. मी वाट बघायचो. एकदा तरी मोठ्याने वाचशील म्हणून वाट बघायचो. त्याचा राग आहे मला.

आता काम सांगतो, त्यासाठीच हे पत्र आहे.

मला एक मुलगी आहे. श्वेता. पाचवीत आहे, दहा वर्षांची. आम्हाला उशिरा झाली. गाडी रस्त्यावरून गेली की न बघता सांगते कुठली. तिच्या बाई तिला वर्गाबाहेर उभी करतात. नोव्हेंबरपासून वह्या गादीखाली लपवते. जानकीला मी कल्पिताचं सांगितलं होतं, ती म्हणाली, ताईंच्या पत्रातल्या मुलीसारखं आहे. मी म्हटलं, काही नाही, लाडावलीय.

गेल्या सोमवारी मी तिला पुस्तक घेऊन बसवली. म्हटलं वाच. तिने नुसतं पानाकडे बघितलं. पुन्हा म्हटलं वाच. ती म्हणाली, येत नाही. माझा हात उठला. एकदाच. पण बाबांसारखाच उठला ताई, खांद्यापासून. ती पण ओरडली नाही.

मला वाचता येत नाही आणि मी तिला वाच म्हणून मारली.

श्वेताला माझं माहीत नाही. कुणालाच नाही, जानकी सोडून. मी चष्मा गॅरेजवर राहिला म्हणतो. शाळेच्या कागदावर जानकी सही करते. दहा वर्षं त्या पोरीसमोर मी चष्मा शोधतोय.

तो टॅब कुठे मिळतो, दाखला कुठे काढतात, त्या मनाली बाई इथल्या शाळेशी बोलतील का, हे सांग. सोमवारपासून ती माझ्याकडे येत नाही, आईच्या मागे मागे असते. मला काय करायचं ते कळत नाही.

यायचं तर ये. मी तुझ्यावर अजून चिडलेला आहे. ते जाईल की नाही माहीत नाही. पण पोरीसाठी ये.

चंदू


बोरीवली पूर्व
शनिवार, २५ जानेवारी २०२५

चंदू,

पत्र आज दुपारी मिळालं. मनालीशी बोलले. दाखला तुमच्या जिल्ह्यातच निघेल, कागद कुठले लागतात ते तिने लिहून दिलंय. श्वेताच्या बाईंशी आधी मी बोलेन. भांडायला नाही, मीही तशीच बाई होते म्हणून. टॅबची घाई नाही, तुझा फोन आहे तोच तिलाही वाचून दाखवेल. मी येत्या शनिवारी सकाळी पोचते. आठ दिवसांची रजा टाकलीय. तुझ्या घरी उतरायचं की कणकवलीत लॉजवर, ते तू ठरव, मला काही वाटणार नाही. चिडलेला आहेस तर चिडलेलाच राहा. मी या वेळी भिंतीकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघेन.

तू रागाचं लिहिलंस त्यावर चार वेळा लिहून खोडलं.

हे कागद टपालाने येईपर्यंत वेळ जाईल, म्हणून पत्र फोनवरही पाठवतेय. एक गोष्ट माझी वाट न बघता करायची आहे. ती मला करता येणार नाही, डॉक्टरांना नाही, टॅबला तर नाहीच. श्वेताला जवळ घे आणि सांग की तुलाही वाचता येत नाही. चष्म्याचं खोटं होतं हेही सांग. तिच्या नजरेतून उतरशील अशी भीती वाटत असेल. म्हणून कल्पिताचं एक सांगते. मी तिला एकदा विचारलं होतं, एवढी वर्षं तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची? मला वाटलं माराची म्हणेल, परीक्षेची म्हणेल. ती म्हणाली, "बाई, मना वाटायचं, आख्ख्या जगात मी एकलीच हाय."

आजच सांग तिला. जेवायला बसण्याआधी सांग.

ताई